फोल्डरातल्या फाइली मोजायच्या, पण नेमक्या कोणत्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावातल्या एका पतसंस्थेचे जुने कर्जरोखे आणि खातेउतारे स्कॅन करायचं काम एका तरुणानं घेतलंय. गावागणिक एक फोल्डर, आत टिफ फाइली (स्कॅन केलेल्या चित्रांचा एक प्रकार), आणि सगळं एका एक्सफॅट (विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींना वाचता येणारी डिस्कची मांडणी) केलेल्या बाहेरच्या डिस्कवर. स्कॅनिंग लिनक्सवर झालं, पण काही गावांच्या फाइलींची नावं मित्राच्या मॅकवर बसून बदलली. बिल पानांवर ठरलंय. मोजायला बसल्यावर 'एलएस | डब्ल्यूसी -एल' यानं १८६ सांगितले, 'एलएस -आर | डब्ल्यूसी -एल' यानं ९,९७१ आणि 'फाइंड . | डब्ल्यूसी -एल' यानं १२,६४०. यातला खरा आकडा कोणता, आणि बेळगाव शहराचे फोल्डर तेवढे वेगळे कसे मोजायचे?

आधी एक सांगून ठेवतो. खाली सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत घ्यायच्या. कॅपिटल लागेल तिथं तसं सांगितलंय. फाइलींची आणि गावांची मराठी नावं मात्र देवनागरीतच टाइप करायची.

आता उत्तर. तिन्ही कमांडनी जे विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलंय. तुम्हाला हवं ते कुणालाच विचारलेलं नाही, एवढंच.

'डब्ल्यूसी -एल' आलेल्या ओळी मोजतं. एलएसनं फक्त वरच्या पातळीवरच्या वस्तू दाखवल्या. त्या १८६, म्हणजे तुमचे गावांचे फोल्डर. ते आत शिरतच नाही. 'एलएस -आर' (हा आर कॅपिटल) आत शिरतं, पण प्रत्येक फोल्डरच्या आधी एक रिकामी ओळ आणि मग फोल्डरच्या नावाची मथळ्याची ओळ छापतं. शिवाय तोच फोल्डर वरच्या यादीत एकदा आलेला असतोच. म्हणजे एका फोल्डरमागं तीन ओळी. त्यात सुरुवातीच्या जागेची मथळ्याची एक ओळ धरा. फोल्डरात आणखी फोल्डर नाहीत असं समजलं, तर ९,९७१ मधून ५५८ आणि १ वजा करायचे. उरतात ९,४१२. दिसणाऱ्या फाइली एवढ्या.

फाइंडचं गणित वेगळं. ते मथळे छापत नाही, पण फोल्डरही मोजतं आणि ज्या जागेपासून शोध सुरू केला तो ठिपकाही मोजतं. १२,६४० मधून १८६ आणि १ काढले की १२,४५३ राहतात. दिसणाऱ्या ९,४१२ वजा केल्या तरी ३,०४१ फाइली शिल्लक. एलएसला न दिसलेल्या आणि फाइंडला दिसलेल्या. म्हणजे नाव ठिपक्यानं सुरू होणाऱ्या, लपलेल्या फाइली.

त्या कुठून आल्या हे तुमच्या प्रश्नातच आहे, मित्राच्या मॅकवरून. मॅकला फाइलीसोबत स्वतःची काही जादा माहिती ठेवायची असते. एक्सफॅटवर तशी सोय नाही, म्हणून तो शेजारी एक जुळी फाइल करून ठेवतो. मूळ नाव जे असेल त्याच्या आधी ठिपका आणि अंडरस्कोअर. मूळ '००१.टीआयएफ' असेल, तर जुळी '._००१.टीआयएफ'. आकार साधारण ४ केबी, आत चित्र नाही. शिवाय फोल्डर उघडला की मॅक बऱ्याचदा '.डीएस_स्टोअर' नावाची एक फाइल सोडतो, ती निराळी. घात होतो तो जुळ्यांमुळं, कारण त्यांच्या नावाचा शेवटही '.टीआयएफ' असाच असतो. 'सगळ्या टिफ मोज' म्हटलं की त्याही मोजल्या जातात. त्या आकड्यावर बिल केलं आणि संस्थेच्या क्लार्कनं एक फोल्डर उघडून बोटावर पानं मोजली, तर उत्तर द्यायला जागा राहणार नाही.

तर तुमच्या कामाची कमांड ही:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.टीआयएफ' ! -नेम '._*' -प्रिंटएफ '.' | डब्ल्यूसी -सी

'टाइप एफ' म्हणजे फक्त फाइली, फोल्डर नकोत. 'आयनेम' म्हणजे नाव जुळवताना लहान-मोठं अक्षर बघू नको. काही स्कॅनर एक्स्टेंशन कॅपिटलमध्ये लिहितात, त्यामुळं साधं 'नेम' वापरलं तर त्या गठ्ठ्याचा पत्ताच लागत नाही. उद्गारचिन्ह म्हणजे 'हे सोडून'. उद्गारचिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची.

शेवटचा तुकडा नवा वाटेल. नावं छापून ओळी मोजण्याऐवजी, सापडलेल्या प्रत्येक फाइलीमागं एकच ठिपका छापायचा आणि 'डब्ल्यूसी -सी' नं ठिपके मोजायचे. पंगतीत पत्रावळी मोजल्या की माणसं मोजून होतात, तसंच. नाव छापून ओळी मोजण्यात अडचण अशी की लिनक्समध्ये फाइलीच्या नावात ओळ मोडणारं चिन्हसुद्धा असू शकतं. वेब पानावरून मजकूर कॉपी करून नावात चिकटवला की ते सहज येतं. मग एक फाइल दोन ओळींत छापली जाते आणि दोन मोजली जाते. एक्सफॅटवर असं चिन्ह चालत नाही, पण तुम्ही उद्या हीच कमांड लिनक्सच्या डिस्कवर वापरणार, तर आत्ताच सवय लागलेली बरी. शिवाय हजारो लांब नावांऐवजी हजारो ठिपकेच पाइपमधून ('|' ही उभी रेघ) जातात.

मॅकवरच्या फाइंडला 'प्रिंटएफ' येत नाही. तिथं असं करा:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.टीआयएफ' ! -नेम '._*' -प्रिंट० | टीआर -डीसी '\०' | डब्ल्यूसी -सी

इथं प्रत्येक नावानंतर शून्य बाइट येतो. तो सोडून बाकी सगळं टीआर पुसून टाकतं आणि उरलेले शून्य बाइट मोजले जातात. शून्य बाइट कोणत्याच फाइलीच्या नावात येऊ शकत नाही, म्हणून हा हिशेब चुकत नाही.

अवतरणचिन्हं विसरू नका. '*.टीआयएफ' भोवती ती नसतील, तर फाइंडपर्यंत पोचायच्या आधीच शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या ताऱ्याचा अर्थ लावतं. तुम्ही उभे आहात त्या फोल्डरात एकच टिफ असेल, तर ताऱ्याच्या जागी त्या एका फाइलीचं नाव जातं आणि फाइंड सगळ्या डिस्कवर फक्त त्याच नावाची फाइल शोधत बसतं. दोन-चार असतील तर एरर येते. एकही नसेल तर बॅशमध्ये (लिनक्सवरचं नेहमीचं शेल) कमांड बरोबर चालते. यातली शेवटची गत सगळ्यात वाईट, कारण आज चाललेली कमांड उद्या दुसऱ्या फोल्डरातून भलता आकडा देते आणि बदललं काहीच नाही असं वाटतं.

टिफबरोबर जेपीजीही मोजायच्या असतील तर मध्ये '-ओ' येतो, आणि तिथं कंस लागतातच:

फाइंड . -टाइप एफ \( -आयनेम '*.टीआयएफ' -ओ -आयनेम '*.जेपीजी' \) ! -नेम '._*' -प्रिंटएफ '.' | डब्ल्यूसी -सी

कंस काढले तर ठिपका छापायचं काम फक्त '-ओ' नंतरच्या भागाला चिकटतं. टिफ सापडतात, पण त्यांचा ठिपका पडत नाही. एररही येत नाही. आकडा नुसता कमी येतो.

आता गावागणिक हिशेब. पतसंस्थेला तोच लागणार:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.टीआयएफ' ! -नेम '._*' -प्रिंटएफ '%एच\एन' | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -एन

'युनिक' चं स्पेलिंग यूएनआयक्यू एवढंच. '%एच' म्हणजे फाइल ज्या फोल्डरात आहे त्याची वाट. प्रत्येक फाइलीमागं तिच्या फोल्डरचं नाव छापलं, सारखी नावं शेजारी आणली आणि किती वेळा आलं ते मोजलं. पण ज्या गावाचं एकही पान स्कॅन झालेलं नाही ते गाव या यादीत येतच नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच शोधायचं असतं. त्यासाठी प्रत्येक फोल्डरात जाऊन मोजणारी ही आवृत्ती:

फॉर डी इन */; डू एन=$(फाइंड "$डी" -टाइप एफ -आयनेम '*.टीआयएफ' ! -नेम '._*' -प्रिंटएफ '.' | डब्ल्यूसी -सी); एको "$एन $डी"; डन | सॉर्ट -एन

शून्यवाली गावं सगळ्यात वर येतात. "$डी" भोवतीची दुहेरी अवतरणं काढायची नाहीत. आपल्याकडं निम्म्या गावांच्या नावात जागा असते. 'कंग्राळी बुद्रुक' आणि 'कंग्राळी खुर्द' हे दोन वेगळे फोल्डर आहेत. अवतरण नसेल तर शेल 'कंग्राळी' वेगळं आणि 'बुद्रुक/' वेगळं काढतं आणि दोन्ही सापडत नाहीत म्हणून ओरडतं. एरर आली तर बरंच म्हणायचं. पण 'कंग्राळी' नावाचा तिसरा फोल्डर कुणी आधीच करून ठेवला असेल, तर त्याचा आकडा बुद्रुकच्या खात्यात पडतो.

रिकामे फोल्डर शोधायला 'फाइंड . -टाइप डी -एम्प्टी' असतं, पण तुमच्या डिस्कवर त्याचा उपयोग होणार नाही. आत एकच '.डीएस_स्टोअर' असली तरी फाइंडच्या लेखी तो फोल्डर रिकामा नाही.

बेळगाव शहराचे फोल्डर मोजायचे, तर आधी एक काम करा. 'एलएस' मारून नावं डोळ्यांखालून घाला. इथं एकाच गावाचं नाव प्रत्येक हात वेगळं लिहितो. बेळगाव, जुन्या वळणाचं बेळगांव, 'ळ' सापडला नाही म्हणून बेलगाव, हिंदी कीबोर्डवरचं बेलगाम, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेलं बेळगावी. पाचही मिळाले तर नवल नाही. म्हणून कुणी सरळ 'बेळ*' लावतं, आणि त्यात बेळगुंदी आणि बेळवट्टीही येऊन बसतात. 'बेळग*' केलं तर बेळवट्टी सुटते, बेळगुंदी राहतेच. जमतं ते असं:

फाइंड . -मिनडेप्थ १ -मॅक्सडेप्थ १ -टाइप डी -नेम 'बे[ळल]गा*' -प्रिंटएफ '.' | डब्ल्यूसी -सी

चौकटी कंसात ळ किंवा ल चालेल असं सांगितलं, आणि 'गा' पर्यंत नाव पक्कं केलं. बेळगुंदीत 'गु' आहे, म्हणून ती बाहेर पडते. 'मिनडेप्थ १' मुळं सुरुवातीचा ठिपका मोजला जात नाही, 'मॅक्सडेप्थ १' मुळं शोध खोल जात नाही. आकड्यावर विसंबण्याआधी शेवटचा 'प्रिंटएफ' आणि पाइप काढून एकदा नुसती नावं बघा. नेमकं काय जुळलं ते तिथंच दिसतं.

देवनागरी नावांचे आणखी दोन फाटे आहेत आणि दोन्ही माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींत कायम असतात.

पहिला प्रश्नचिन्हाचा. पॅटर्नमध्ये '?' म्हणजे कोणतंही एक अक्षर, असं सगळीकडं लिहिलेलं असतं. 'निपाणी' आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पण '???' त्याला जुळत नाही. संगणकाच्या लेखी त्यात न, वेलांटी, प, काना, ण, वेलांटी अशी सहा चिन्हं आहेत, म्हणून सहा प्रश्नचिन्हं लागतात. आणि कुणी कमांडच्या आधी 'एलसी_ऑल=सी' (सगळं कॅपिटल) लावलं असेल, तर प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट, म्हणजे अठरा. त्या अवस्थेत [ळल] सुद्धा चालत नाही, कारण चौकटी कंस एका वेळी एकच बाइट जुळवतो. वेग वाढतो म्हणून हा जुगाड बऱ्याच स्क्रिप्टमध्ये घातलेला असतो. मराठी नावं असतील तर तो काढा.

दुसरा फाटा 'ऱ' चा. 'दुसऱ्या गठ्ठ्यातले' नावाचे दोन फोल्डर डोळ्यांना हुबेहूब सारखे दिसतील आणि पॅटर्न त्यातला एकच पकडेल. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढं न दिसणारं जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर हे ठरतं. तिसरी तऱ्हा जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या नावांत सापडते, तिथं 'ऱ' फोडून र आणि खाली नुक्ता असा ठेवलेला असतो. तिन्ही नावांतले बाइट वेगळे, म्हणून फाइंडला ती तीन वेगळी नावं. संशय आला तर 'एलएस -डी दुस* | ओडी -सी' करून बाइट बघा. कामापुरता उपाय म्हणजे पॅटर्नमध्ये तो तुकडाच ताऱ्याखाली झाकायचा: 'दुस*या*'. कन्नड लिपीत नावं लिहिणाऱ्यांनाही हा त्रास आहे, तिथल्या ओकारासारख्या काही स्वरखुणा अशाच फोडून ठेवता येतात.

बिल पानांवर आहे म्हणालात. फाइल म्हणजे पान असेलच असं नाही. टिफमध्ये एका फाइलीत अनेक पानं बसतात, आणि फीडरवाल्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर अख्खा कर्जरोखा एकाच फाइलीत घालतं. तसं असेल तर वरच्या आकड्यात तुमचंच नुकसान आहे. इमेजमॅजिक (चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.टीआयएफ' ! -नेम '._*' -एक्झेक आयडेंटिफाय -पिंग {} + | डब्ल्यूसी -एल

आयडेंटिफाय प्रत्येक पानामागं एक ओळ छापतं. इथं ओळी मोजणं बरोबर आहे, कारण मोजायची वस्तू ओळच आहे. बाहेरच्या डिस्कवर याला वेळ लागेल, चहा पिऊन या. पीडीएफ असतील तर 'पीडीएफइन्फो' पानांचा आकडा देतं, पण एका वेळी एकाच फाइलीचा.

स्कॅन मध्येच तुटलं असेल तर शून्य बाइटची फाइल मागं राहते. ती नावानं जुळते आणि मोजलीही जाते. 'फाइंड . -टाइप एफ -साइझ ०' यानं त्यांची यादी काढा आणि ती पानं पुन्हा स्कॅन करा. 'एक एमबीपेक्षा लहान' फाइली शोधायला '-साइझ -१एम' लावू नका. फाइंड आकार वरच्या पूर्ण एमबीत मोजतं, त्यामुळं एक बाइटची फाइलही १ एमबी धरली जाते आणि 'एकपेक्षा कमी' मध्ये फक्त शून्याच्या फाइली उरतात. '-साइझ -१०४८५७६सी' असं बाइटमध्ये लिहा.

एररकडं दुर्लक्ष करू नका. कमांडच्या शेवटी '२>/डेव्ह/नल' लावून एरर गिळायचा सल्ला सगळे देतात. डिस्कची केबल सैल असेल आणि एखादा फोल्डर वाचताच येत नसेल, तर त्याची तक्रार त्या एररमध्येच असते. ती गिळली की त्या गावाची पानं मुकाट्यानं गाळली जातात. गिळण्याऐवजी '२> ~/चुका.टीएक्सटी' करा आणि फाइल रिकामी आहे ना ते बघा.

फाइंडशिवाय, नुसत्या बॅशच्या ताऱ्यावर मोजायचं असेल तर आधी 'शॉप्ट -एस नलग्लोब' करा. नाहीतर एकही फाइल नसलेल्या फोल्डरात तारा तसाच राहतो आणि आकडा शून्याऐवजी एक येतो.

संस्थेत विंडोज असणार आणि ते स्वतः मोजून बघणार. त्यांच्यासाठी:

डिर /एस /बी /ए-डी *.टीआयएफ | फाइंड /सी /व्ही ""

हा फाइंड निराळा, विंडोजचा. तो फाइली शोधत नाही, ओळींत मजकूर शोधतो. '/ए-डी' मुळं लपलेल्या फाइलीही येतात, म्हणजे मॅकच्या जुळ्या इथंही मोजल्या जातील. डिस्क देण्याआधी त्या काढलेल्या बऱ्या. त्यासाठी मॅकवर 'डॉट_क्लीन -एम' आहे, पण आधी दुसरी प्रत करून ठेवा. पॉवरशेलमधलं '(गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फाइल -फिल्टर *.टीआयएफ).काउंट' लपलेल्या फाइली सोडून देतं, म्हणून त्यांचे दोन आकडे आपसांत जुळले नाहीत तर कारण हे. आणि त्यांनी फाइली एनटीएफएसवर (विंडोजची नेहमीची डिस्कची मांडणी) कॉपी केल्या आणि तिथं ८.३ पद्धतीची (आठ अक्षरांचं नाव, तीन अक्षरांचं एक्स्टेंशन) लहान नावं चालू असली, तर तीन अक्षरी पॅटर्न 'टीआयएफएफ' वालेही पकडतो. एक्सफॅटवर हे होत नाही, तिथं लहान नावं नसतातच.

बिलासोबत नुसता आकडा देऊ नका, यादी द्या:

फाइंड . -टाइप एफ -आयनेम '*.टीआयएफ' ! -नेम '._*' | सॉर्ट > ~/यादी१.टीएक्सटी

पुढच्या हप्त्याला हीच कमांड 'यादी२' मध्ये काढा आणि 'कॉम -१३ ~/यादी१.टीएक्सटी ~/यादी२.टीएक्सटी | डब्ल्यूसी -एल' चालवा. नव्यानं आलेल्या तेवढ्याच फाइली मोजल्या जातात, आणि पाइप काढला की त्या कोणत्या ते नावानिशी दिसतं. दोन्ही याद्या एकाच मशीनवर, एकाच भाषेच्या सेटिंगमध्ये सॉर्ट झालेल्या हव्यात, नाहीतर कॉम क्रम चुकल्याची तक्रार करतं. मधल्या काळात कुणी फोल्डरचं नाव बेळगावचं बेळगावी केलं असेल, तर त्यातली प्रत्येक फाइल नवी म्हणून मोजली जाईल. त्यामुळं काम पुरं होईपर्यंत नावांना हात लावायचा नाही, असं मित्राला आजच सांगून टाका.